निळ्या लाटेची पंचवीस वर्षं

स्पूलच्या जमान्यात संपादकाला आवाज दिसत नसे. टेप हातानं मागेपुढे फिरवायची, शब्द कुठे संपतो ते कानानं हेरायचं, पेन्सिलीनं खूण करायची आणि ब्लेडनं तिरका काप द्यायचा. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर साउंड डिझायनर आलं आणि आवाज पडद्यावर चितारला जाऊ लागला. पण हे चित्र घरोघरी पोहोचवलं ते ऑडॅसिटीनं. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी घडवलेली ही फुकट प्रणाली मे २००० मध्ये बाहेर पडली.

तिची निळी लाट आपण जशीच्या तशी खरी मानली. वास्तविक ती गोषवारा असते. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटात प्रत्येक चॅनलचे २६,४६,००० नमुने असतात आणि पडद्याची रुंदी जेमतेम हजार-दोन हजार पिक्सेल. म्हणून प्रत्येक उभ्या रेघेत त्या तुकड्यातलं सर्वांत वरचं आणि खालचं टोक गडद निळ्यात दाखवतात. आतला फिका निळा पट्टा सरासरी जोराचा.

उभ्या मोजपट्टीचं प्रकरण याहून गमतीचं. निवेदकानं वाक्याआधी घेतलेला श्वास उणे ४० डेसिबलचा असेल, तर साध्या मोजपट्टीवर त्याची उंची कमाल उंचीच्या एक टक्का. दीडशे पिक्सेलच्या ट्रॅकमध्ये मधल्या रेषेच्या वर पिक्सेलभरही नाही. तोच ट्रॅक साठ डेसिबलच्या पल्ल्याच्या मोजपट्टीवर टाका, श्वास पंचवीस पिक्सेल उंच होतो. आवाज तसूभरही बदललेला नसतो.

पुढे सोयी वाढत गेल्या. क्लिपिंग, म्हणजे कमाल पातळी ओलांडून आवाजाचं टोक छाटलं जाणं, लाल रेघांनी दाखवता येतं. २०२० च्या २.४ आवृत्तीपासून लाट आणि स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या वारंवारतांचं चित्र) एकाच ट्रॅकमध्ये वर-खाली दिसतात. पंख्याची घरघर किंवा ‘स’चा शिट्टीसारखा आवाज लाटेत लपतो, स्पेक्ट्रोग्राममध्ये चटकन सापडतो.

या साऱ्यात एक सवय मात्र जडली: दिसेल ते कापायचं. स्पूलवर प्रत्येक श्वास काढणं म्हणजे तासन्‌तासांची मजुरी, म्हणून बहुतेक श्वास राहत आणि बोलणं माणसाचं वाटे. आता दोन क्लिकमध्ये ते जातात. वाक्यं एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून मोजपट्टी निवडणं हाही संपादनाचाच निर्णय आहे. खोलीतला गोंगाट तपासायला डेसिबलची पट्टी हवीच, पण निवेदन कापायला बसताना साधी पट्टी बरी. तिथे श्वास दिसतच नाही. खटकलाच तर कानाला खटकतो, आणि तेवढाच काढावा.