काकडी वाकडी का होते? – फळांच्या आकारातील सममिती

वसईच्या मिठागरातील खड्याच्या मिठाचे चार-दोन दाणे तळहातावर घेऊन भिंगातून पाहा. न झिजलेला दाणा चौकोनी ठोकळ्यासारखा दिसेल. हिमालयात पडणाऱ्या हिमकणाला मात्र बहुधा सहा सारख्या पाकळ्या किंवा कोन असतात. हिमकण षट्‌कोनीच का, या प्रश्नावर खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी १६११ साली एक पुस्तिका लिहिली होती. याचे उत्तर आतील रचनेत आहे. मिठाचे सूक्ष्म कण एकमेकांशी काटकोनात रचले जातात, तर पाणी गोठताना त्याचे रेणू षट्‌कोनात जुळतात. सारख्या भागांच्या अशा मांडणीला ‘सममिती’ म्हणतात.

हीच सममिती आपल्या वाडीतही आढळते. राजेळी केळे आडवे कापल्यास गराचे तीन भाग दिसतात. भेंडीला साधारणपणे पाच कप्पे, शिराळ्याला दहा शिरा, तर काकडीला तीन कप्पे असतात. मात्र मिठाचा दाणा निर्जीव आहे. फळाची सममिती टिकण्यासाठी ते सर्व बाजूंनी सारखे पोसले जावे लागते.

काकडीच्या मादी फुलाच्या कुक्षीला तीन पाळ्या असतात. त्यांवर पुरेसे पराग पडले म्हणजे फळभर बी धरते. वाढणारे बी आपल्याभोवतीच्या गराला वाढीची संजीवके पुरवते. ज्या बाजूला बी धरत नाही, तेथे गर कमी भरतो आणि फळ वाकडे किंवा टोकाला बारीक होते. अशी काकडी बाजारात वेगळी काढली जाते व तिला भाव कमी मिळतो.

कारण ओळखण्यासाठी एखादी वाकडी काकडी वेलीवर थोडी जून होऊ द्यावी व उभी चिरावी. काही भागात बी पोचट असल्यास परागीभवन अपुरे झाले, असे समजावे. बी सर्वत्र भरलेले असूनही फळ वाकडे असल्यास पाण्याचा ताण, अन्नद्रव्यांची कमतरता किंवा फळाला झालेला अडथळा तपासावा. हरितगृहातील बिनबियांच्या जातींना परागीभवनाची गरज नसते. त्यांना ही परीक्षा लागू पडत नाही.

परागीभवन सुधारण्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात आणि त्याच वेळी मधमाश्या येतात. म्हणून या पिकांवर सकाळी कीटकनाशक फवारू नये. आवश्यक असल्यासच सायंकाळी फवारावे.

२. दुधी व शिराळ्याची फुले सायंकाळी उमलतात. तेथे सायंकाळची फवारणी टाळावी.

३. बांधावर तुळस, झेंडू अशी फुलझाडे ठेवावीत, म्हणजे मधमाश्यांना वर्षभर चारा मिळतो.

४. मधमाश्या कमी असल्यास सकाळी ताजे नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात व त्याचे पराग मादी फुलाच्या तिन्ही पाळ्यांवर हलकेच लावावेत. एकच पाळी माखून चालणार नाही.

पुढच्या तोड्याला वाकडी फळे टाकून देण्यापूर्वी त्यांची संख्या मोजून ठेवा. ती वाढत असल्यास खताची मात्रा वाढवण्याआधी सकाळी मांडवाखाली दहा मिनिटे उभे राहा आणि फुलांवर मधमाश्या येतात का, ते पाहा.