पाट्या वाचत गिरगाव

शहर पाहायचे तर पायी. सुट्टीच्या दिवशी घरच्या पोरांना घेऊन मी चर्नी रोडला उतरतो आणि एकच काम देतो: पाट्या वाचा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी! वाडी म्हणजे मूळची बागायत. मुगभाटातले ‘भाट’ही कोकणीतली बागच. झाडे गेली, नावे उरली.

खोताच्या वाडीत मात्र घरेही बोलतात. जमीन पाठारे प्रभू खोतांची, घरे बांधली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी. बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे व्हरांडा. येणारा-जाणारा शेजारी दिसलाच पाहिजे, अशी रचना. जवळच केशवजी नाईक चाळ. तिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. वाडीतल्या क्रुसापासून चाळीतल्या गणपतीपर्यंत चालत जेमतेम पाच मिनिटे. मी मुसलमान, माझी कविता मराठी. मला या पाच मिनिटांचे मोल फार वाटते.

वाडीत एकेकाळी साठाहून अधिक जुनी घरे होती. आज निम्मीही नाहीत. झाडांची आठवण नावांनी राखली. पण घरे गेल्यावर नुसत्या पाटीवरून शेजार कसा कळणार? म्हणून मुलांना घेऊन जा. फक्त आवाज हळू ठेवा. तिथे माणसे राहतात.