कीटक-संग्रहालयाची सहल : पाहावयाचे काय?

प्राणिसंग्रहालय म्हटले म्हणजे वाघसिंहांचे पिंजरे डोळ्यांपुढे येतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मात्र १८८१ सालीच कीटकांसाठी स्वतंत्र दालन उघडले गेले. बंगळूरनजीक बन्नेरघट्टा येथे २००६ मध्ये झालेल्या उद्यानात फुलपाखरे पारदर्शक घुमटाखाली उडतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळील ओवळेकर वाडीत घुमटही नाही, जाळीही नाही. सुमारे २ एकरांच्या त्या बागेत फुलपाखरे आपखुशीने येतात व जातात. सुरगाणा तालुक्यातील शिक्षकांस याच बागेचे मर्म अधिक उपयोगाचे आहे.

फुलपाखरू मधासाठी अनेक फुलांवर जाते. परंतु मादी अंडी घालते ती ठराविक वनस्पतींवरच, कारण सुरवंटास तीच पाने चालतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ‘ब्लू मॉर्मन’ लिंबाच्या कुळातील झाडे निवडते. त्याचा कोवळा सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. पुढे तो हिरवा होतो आणि डिवचल्यास डोक्यामागून दुपेडी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतो. ओंगळ म्हणून मुले ज्यास चिरडतात, तो हाच. रुईच्या पानांवरील पट्टेदार सुरवंटाचीही तीच गत होते, आणि मग फुलपाखरे दिसेनाशी झाली म्हणून हळहळण्यात अर्थ उरत नाही.

यास्तव सहलीपूर्वी महिनाभर विद्यार्थ्यांनी गावातील लिंबू, कढीपत्ता व रुई यांची पाने हलकेच उलटून पाहावीत, आणि अंडी, सुरवंट व कोश यांची तारीखवार नोंद ठेवावी. कोकणा वा वारली बोलीत त्या किड्यास जे नाव असेल, तेच वहीत प्रथम लिहावे.

संग्रहालयात पाठीचा कणा नसलेले इतर प्राणीही असतात. तेथे मुलांस पाय मोजावयास लावावे. कीटकास ६, कोळी व विंचू यांस ८, खेकड्यास नांग्या धरून १०. ओहोळातील खेकड्याविषयी शिक्षकापेक्षा विद्यार्थीच अधिक जाणता असण्याचा संभव आहे. त्याचे ऐकून घ्यावे. विंचू मात्र काचेआडच पाहावयाचा. दगड उलथून तो शोधण्याचा उपक्रम कोणी हाती घेऊ नये.

परतल्यावर शाळेच्या आवारात लिंबाचे एखादे रोप लावावे व त्यावर कीटकनाशक फवारू नये. काही पाने खाल्ली जातील. ती खाऊ द्यावीत.