दमा : उबळीचा पंप आणि रोजचा पंप

नव्वदच्या दशकात फणसवाडीतल्या आमच्या खोलीत आई कित्येक रात्री खिडकीशी बसून काढी. उशाखाली साल्ब्युटामॉलचा निळा पंप असे. डॉक्टरांनी रोज घ्यायचा दुसरा पंपही दिला होता. पण ‘त्यात स्टिरॉइड आहे, सवय लागते’ असे चाळीत सगळेच म्हणत. जरा बरे वाटले की आई तो बंद करी. १९९८च्या पावसाळ्यात अशाच एका उबळीत ती गेली. मी डॉक्टर नाही. पण या दोन पंपांतला फरक तेव्हापासून वाचत आलो.

दम्यात श्वासनलिका आवळतात हे खरे, पण मूळ दुखणे आतल्या अस्तराच्या सुजेचे. सुजलेली नळी धूर, धूळ, गारवा लागताच आवळते. साल्ब्युटामॉल नळीभोवतीचे स्नायू चार-सहा तास सैल करते; सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप. श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथॅसोन १९७२ साली ब्रिटनमध्ये आले.

मग भीती कशाची? मात्रेचा हिशेब पाहावा. साल्ब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या ४० फवाऱ्यांइतके औषध असते. गोळी अंगभर फिरते, फवारा थेट नळीत उतरतो. स्टिरॉइडचेही तसेच : गोळीत मिलिग्रॅम, पंपात मायक्रोग्रॅम. घशात बुरशी धरू नये म्हणून पंपानंतर चूळ भरावी, एवढे पथ्य.

‘गिना’ या जागतिक संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले, की मोठ्यांनी व बारा वर्षांवरील मुलांनी नुसत्या उबळीच्या पंपावर राहू नये. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आता रोजसाठी आणि उबळीसाठीही वापरता येतो. २०० फवाऱ्यांचे तीन निळे पंप वर्षात संपत असतील, तर ती धोक्याची खूण समजावी. एवढ्यानेही न आवरणाऱ्या तीव्र दम्यासाठी ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शने आहेत. ती महाग आहेत आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यायची.

मात्रा कमी करता येते, पण दमा काही महिने आटोक्यात राहिल्यावर, डॉक्टरांना विचारून. आई ती आपल्या मनाने करी. सूज उतरण्याआधीच बरे वाटू लागते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. फटाक्यांच्या धुरात हा अंक वाचला जाईल. घरात कुणी रोजचा पंप कपाटात ठेवून दिला असेल, तर आजच विचारा.