नवी पिकअप की जुनी? भोर-वेल्ह्यातल्या घाटवाटांचा हिशेब

दिवाळीच्या सुमाराला भोर आणि वेल्हे तालुक्यांत भाताची कापणी-झोडणी ऐन रंगात असते. इंद्रायणी भाताची पोती गिरणीत न्यायची, तांदूळ पुण्याच्या ठरलेल्या गिऱ्हाइकाकडे पोहोचवायचा, पेंढा गोठ्यापर्यंत आणायचा. एकेकाळी बैलगाडीने आणि एसटीच्या टपावरून होणारी ही ने-आण आज पिकअपशिवाय होत नाही. गाडी घ्यायची तर दसऱ्याला नाहीतर पाडव्याला, ही रीतही याच दिवसांतली. म्हणून नसरापूरच्या चौकात किंवा भोरच्या एसटी स्टँडजवळ या दिवसांत एक प्रश्न हटकून ऐकू येतो, नवी घ्यावी की जुनीच बघावी?

अलीकडे त्या प्रश्नाला धार आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ८ लाखांची असलेली गाडी आधी १० लाख २४ हजारांना पडायची, ती आता ९ लाख ४४ हजारांना पडते. नव्या-जुन्यातलं अंतर एकदम ८० हजारांनी कमी झालं, तर जुन्या गाडीच्या मालकालाही आपला भाव खाली आणावा लागतो. ज्याने सप्टेंबरच्या आधीचा भाव डोक्यात धरून आज जुनी गाडी घेतली, तो फसला.

पिकअप हा पुणे जिल्ह्याला परका विषय नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने तीनचाकी टेम्पो आणि पुढे मॅटाडोर रस्त्यावर आणली. ‘टेम्पो’ हे कंपनीचं नाव मराठीत सगळ्याच छोट्या मालगाड्यांना चिकटलं. टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये. २००५ च्या मे महिन्यात पुण्याच्याच कारखान्यातून टाटा एस बाहेर पडली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, जेमतेम १६ अश्वशक्ती, पाऊण टनाचा भार. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१९ मध्ये टाटांची इन्ट्रा. या सगळ्या काळात मावळ खोऱ्यांत पाय रोवून उभी राहिली ती महिंद्राची बोलेरो पिकअप. उंच चेसिस, मागे कमानपाटे, सव्वा ते पावणेदोन टनांचा भार, आणि कुठल्याही गॅरेजमध्ये ओळखीचं इंजिन. या भागात ‘पिकअप’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीच येते.

आता भूगोल. भोरपासून पुणे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि कापूरहोळला महामार्ग लागला की रस्ता सरळ. पण भाटघरच्या पाण्याकडेने वेळवंड खोऱ्यात शिरा, नीरा-देवघरच्या मागे हिर्डसात जा, किंवा वरंध घाटातून महाडकडे उतरा. गाडीची परीक्षा तिथे होते. वेल्ह्यात (तालुक्याचं नाव आता राजगड झालं, बोलण्यात अजून वेल्हेच आहे) पाबे घाटाचे चढ आहेत आणि केळदकडे जाणारा अरुंद रस्ता आहे. पश्चिमेकडच्या पट्ट्यात पाऊस असा की जून ते सप्टेंबर गाडीचा तळ सुकतच नाही. वरंध घाट तर पावसाळ्यात जड वाहनांना वारंवार बंद ठेवावा लागतो. अशा ठिकाणी विश्वासू गाडी कोणती, याचं उत्तर जाहिरातीतल्या आकड्यांत मिळत नाही. बिघाड झाल्यावर ती कोण दुरुस्त करणार, किती लांबून येणार आणि तोवर हौद्यातल्या मालाचं काय होणार, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

जुन्या गाड्यांचं कौतुक इथे होतं ते याच कारणाने, आणि ते खरं आहे. धुराच्या सरकारी निकषांपैकी बीएस-३ च्या काळातल्या पिकअपचा डिझेल पंप यांत्रिक होता. नोझल अडकली, पंपाचं टायमिंग बिघडलं, हवा धरली, तरी भोरचा मिस्त्री पान्यांची पेटी घेऊन यायचा आणि गाडी जागेवर चालू व्हायची. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं, पिकअपमध्ये कॉमन रेल इंजिन रुळलं, आणि डिझेलचा फवारा संगणकाच्या ताब्यात गेला. गाडी ओढायला जोरकस झाली, धूर घटला, ॲव्हरेज सुधारलं. मात्र या पद्धतीत डिझेलवरचा दाब हजार बारच्याही वर जातो, आणि डिझेलमध्ये पाण्याचा अंश किंवा कचरा आला की इंजेक्टर महागात पडतो. आतल्या गावांत पंप लांब म्हणून कॅनमध्ये डिझेल भरून ठेवायची सवय आहे. ही सवय जुन्या पंपाने सोसली, कॉमन रेल सोसत नाही.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं. तेव्हापासून डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसू लागली. काही गाड्यांना युरियाचं द्रावणही लागतं. या डीपीएफबद्दल दोन्ही तालुक्यांत फार गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. ही जाळी साचलेली काजळी स्वतः जाळते. त्यासाठी धुराचं तापमान साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावं लागतं. भरलेली गाडी घेऊन महामार्गावर तासभर चाललात, तर ते आपसूक होतं. भार घेऊन घाट चढतानाही इंजिन तापतं, म्हणजे घाट हा डीपीएफचा शत्रू नाही. शत्रू आहे ती छोटी रिकामी फेरी. वस्तीवरून डेअरीपर्यंत दुधाचे कॅन, मग इंजिन चालू ठेवून गप्पा, मग दोन किलोमीटर परत. असं महिनाभर चाललं की जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःहून जोर कमी करते. जाळी जाळण्याची क्रिया मध्येच पुन्हा पुन्हा तुटली, तर जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिनचं आयुष्यच घटतं. तेव्हा बीएस-६ गाडी घेतलेल्याने आठवड्यातून एकदा तरी तिला महामार्गावर नीट पळवावी, ऑइल कंपनीने सांगितलेलंच वापरावं, आणि दिवा लागला की त्याच दिवशी स्कॅनर लावून घ्यावा. जाळीच काढून देणारे कारागीर भेटतात. तसं केलेली गाडी फिटनेसला अडकू शकते आणि धूर गावाच्याच छातीत जातो.

नव्या गाडीचं आणखी एक दुखणं या भागात विशेष आहे. भाताच्या कणगीशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतात. जुन्या गाडीत चार वायरी जोडून काम भागायचं. नव्या गाडीत एका सेन्सरची तार तुटली तरी गाडी टो करून न्यावी लागू शकते.

मग जुनीच बरी का? सरसकट नाही. या पावसात जुन्या गाडीचा खरा रोग इंजिनात नसतो, पत्र्यात असतो. हौद्याखाली चेसिसला, पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे गंज धरतो आणि वरून नवा रंग मारला की दिसत नाही. इंजिन बांधता येतं, बोअर-पिस्टन नवा बसवता येतो. गंजलेली चेसिस नवी होत नाही. जुनी गाडी बघायला जाताना चांगले कपडे घालून जाऊ नये, गाडीखाली झोपायची तयारी ठेवावी. गाडी सकाळी, इंजिन गार असताना चालू करून बघावी. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून धुराची फुंक येते का, चढावर भरल्या गाडीने क्लच घसरतो का, उतारावर ब्रेक दाबत राहिल्यावर मऊ पडतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. उताराची परीक्षा मी सगळ्यात वर ठेवीन. मांढरदेवीकडून किंवा वरंधातून उतरताना ब्रेकने साथ सोडली, तर बाकी कसलाच हिशेब उरत नाही.

पैशांचा हिशेब बऱ्याच घरांत अर्धाच मांडला जातो. समजा नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज वर्षाला ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी मिळालं, तर हप्ता १६,६०० रुपयांच्या आसपास बसतो. जुन्या गाडीला कर्ज देताना व्याज जास्त लागतं आणि मुदत कमी मिळते. ४ लाख १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १३,६७० रुपयांच्या घरात. म्हणजे कर्ज निम्मं, पण महिन्याचा बोजा फक्त तीनेक हजारांनी कमी. त्यात पहिल्या वर्षीचे टायर, क्लच आणि बॅटरी धरली की तो फरकही जातो. जुनी गाडी फायद्याची ठरते ती रोखीने किंवा थोडक्या कर्जात घेतली तरच. हप्त्यावरची जुनी गाडी हा या दोन तालुक्यांतल्या तरुणांना बसणारा सगळ्यात मोठा फटका आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता कागदपत्रं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर सुरू होतो. पंधरा वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून कैक पटींनी वाढली आहे. म्हणून २०१०-११ ची गाडी आज स्वस्तात मिळाली, तरी ती घेणाऱ्याला दरवर्षी पासिंगच्या दारात उभं राहावं लागणार. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसली आहे का, आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकलं आहे का, हे मोबाइलवर पाच मिनिटांत कळतं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परवाना लागत नाही, त्यापुढच्या गाडीला लागतो. गाडी निवडताना ही रेषा लक्षात ठेवण्यासारखी आहे. लायसन्सची चिंता मात्र मिटली. ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं.

भाराबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. ‘जुनी गाडी दुप्पट माल ओढते’ हे अभिमानाने सांगितलं जातं. ती ओढते, पण थांबत नाही. जास्तीच्या मालाला दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. त्याहून गंभीर आहे ते लग्नाला, जत्रेला, लावणीच्या मजुरीला हौद्यात माणसं भरणं. कायदा ते करू देत नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईवरून कुटुंबाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. एसटीच्या फेऱ्या कमी म्हणून लोक बसतात हे खरं आहे. त्यावर उपाय फेऱ्या वाढवणं हा आहे, आणि त्यासाठी गावांनी भांडलं पाहिजे.

विजेवरच्या छोट्या मालगाड्याही बाजारात आहेत. पुण्यातल्या पुण्यात वाटप करणाऱ्याला त्या परवडतील. केळद किंवा भुतोंड्याच्या फेरीसाठी आज त्यांचा विचार करू नये. सीएनजी महामार्गालगतच्या गावांना चालेल.

माझा निवाडा असा. रोज पहाटे टोमॅटो-भाजी घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणाऱ्याने, किंवा शिरवळच्या कारखान्यांची रोजची भाडी धरलेल्याने नवीच गाडी घ्यावी. त्याची गाडी भरलेली आणि लांब पळते, त्यामुळे डीपीएफ साफ राहतो, वॉरंटी असते, आणि लिलाव चुकवणारा एक बिघाडही त्याला महाग पडतो. ज्याचं काम खोऱ्यातल्या खोऱ्यात आहे, भात, पेंढा, दूध, सिमेंटची पोती, वर्षातले काही महिनेच धावपळ, त्याने २०१७ ते २०२० मधली बीएस-४ पिकअप शोधावी. तिच्यात कॉमन रेलचा जोर आहे, डीपीएफ सहसा नसतो आणि पंधरा वर्षं भरायला अजून अवकाश आहे. त्याआधीची गाडी फक्त त्यानेच घ्यावी ज्याच्या घरात मिस्त्री आहे. आणि यातली कुठलीही गाडी पाडव्याच्या मुहूर्तासाठी घाईने घेऊ नका. इसार देण्याआधी तिच्यात एक टन माल भरून पाबे घाट चढवा, उतरवा, आणि मगच पैसे मोजा.