कागदावरचा डाग मोजून पाहा

रंगीत लेझर प्रिंटरची छपाई बिघडली की पहिला हात जातो टोनरच्या कार्ट्रिजकडे. नवे कार्ट्रिज येते, हजारो रुपये खर्च होतात आणि डाग पुन्हा जिथल्या तिथे! ऐन दिवाळीत, पत्रिका आणि माहितीपत्रकांची घाई असताना, हा फटका जास्तच बसतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे : यंत्राचे झाकण उघडण्याआधी बिघडलेला कागद नीट पाहा. कुठला भाग दुखावला आहे हे बहुतेक वेळा त्यावरूनच कळते.

त्यासाठी आधी छपाई होते कशी, ते पाहू. संशोधक चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरियात गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून पहिली कोरडी प्रत काढली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर विद्युतभार चढवतात, लेझरचा प्रकाश पडेल तिथला भार उतरतो आणि तेवढ्याच जागी टोनर चिकटतो. टोनर म्हणजे प्लास्टिकची अतिशय बारीक रंगीत पूड. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा हे चार रंग बहुतेक यंत्रांत आधी ट्रान्सफर बेल्टवर एकावर एक बसतात, तिथून कागदावर उतरतात आणि शेवटी फ्यूजरच्या उष्णतेने व दाबाने कागदात पक्के होतात.

आता यंत्राच्या मेनूतून रंगपट्ट्यांचे चाचणी पान काढा. दोष एकाच रंगात दिसला तर त्या रंगाचे कार्ट्रिज किंवा ड्रम संशयित. चारही रंगांत एकाच जागी दिसला तर बेल्ट किंवा फ्यूजरकडे वळायचे. निम्मा शोध इथेच लागतो.

ठरावीक अंतराने उमटणारा डाग असेल तर फूटपट्टी घ्या. एका डागाच्या वरच्या कडेपासून पुढच्या डागाच्या वरच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. हे अंतर म्हणजे कुठल्या तरी फिरत्या भागाचा परीघ. ड्रमचा व्यास 30 मिमी असेल तर डाग सुमारे 94 मिमीवर परत येतो, म्हणजे ए-फोर कागदावर साधारण तीनदा. 24 मिमीचा ड्रम असेल तर 75 मिमीवर. अंतर 38 मिमीच्या आसपास भरले तर 12 मिमी व्यासाचा एखादा छोटा रोलर शोधायचा. प्रत्येक मॉडेलची मापे वेगळी असतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्यांचा तक्ता असतो. मेकॅनिकला फोन करताना नुसते ‘डाग पडतोय’ म्हणण्याऐवजी हे अंतर सांगितले, तर तो बरोबर सुटा भाग घेऊनच येतो.

उभ्या रेघांची गोष्ट वेगळी. कागदाच्या चालीच्या दिशेने एका रंगात पांढरी रेघ गेली तर बहुधा लेझरच्या काचेवर धूळ बसलेली असते. ती पुसायची काडी कित्येक यंत्रांसोबतच येते. गडद रेघ मात्र ड्रमवरच्या ओरखड्याची किंवा झिजलेल्या क्लीनिंग ब्लेडची खूण. रंगांच्या कडा एकमेकांपासून सरकल्या असतील तर मेनूतले कॅलिब्रेशन पुरते.

छापलेला मजकूर बोटाने खरडला जातो का, तेही पाहा. 170 जीएसएमचा आर्ट पेपर घालून सेटिंग ‘साधा कागद’ ठेवले, तर पूड पुरेशी वितळत नाही. ‘जाड कागद’ निवडल्यावर यंत्र वेग कमी करते आणि फ्यूजरला वेळ मिळतो. तरीही रंग सुटत असेल तर फ्यूजर थकला आहे.

कोकणात, मुंबईत पावसाळाभर उघड्या राहिलेल्या रीमवर ढगाळ, फिकट छपाई निघते. ओल्या कागदातून भार निसटतो, त्यामुळे टोनर नीट उतरत नाही. अशा वेळी भाग बदलण्याआधी नवे बंद रीम लावून पाहाच.

सांडलेला टोनर कोरड्या कापडाने टिपा, हात थंड पाण्याने धुवा. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या फिल्टरमधून ही पूड आरपार जाऊन हवेत पसरू शकते. ड्रम उजेडात उघडा ठेवू नका आणि फ्यूजरला हात लावण्यापूर्वी यंत्र बंद करून निवू द्या. छपाई उत्तम चालू असतानाच एक चाचणी पान काढून त्यावर तारीख घाला आणि फाइलला लावून ठेवा; पुढच्या बिघाडाच्या वेळी नवे पान त्याच्या शेजारी ठेवून पाहता येते.