पूर दारात अन् बोटीचे इंजिन सुरूच होईना! दोष नेमका कुठे शोधायचा?

कोल्हापूर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, की नदीकाठच्या गावांचे लक्ष बोटींकडे लागते. धोका पातळी ४३ फुटांची. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तर २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. दोन्ही वेळी पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला आणि अनेक गावांत बोट हाच रस्ता उरला. अशा घडीला बोटीचे जुने आऊटबोर्ड इंजिन दोरी ओढून ओढून हात भरून आले तरी सुरू झाले नाही, तर?

बहुतेक वेळा हा बिघाड पुरात होत नाही. बोट शेडमध्ये पडून असते त्या महिन्यांत तो तयार होतो.

पडून राहिल्याने काय बिघडते?

कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. केसाएवढ्या बारीक छिद्राचा जेट त्याने बुजतो. त्यात २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. उसाच्या पट्ट्यात इथेनॉल नवे नाही, पण ते हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी जास्त झाले, की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाची नळी पेट्रोल ओढते, ती तळातूनच. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि पडदेही इथेनॉलने लवकर खराब होतात.

इंजिन सुरूच होत नाही, आधी काय पाहावे?

पाना हातात घेण्याआधी पाच गोष्टी तपासा. सुरक्षा दोरीची क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळीवरच्या रबरी फुग्याचा बाण इंजिनाकडे आहे का? फुगा दाबल्यावर घट्ट होतो का? फुगा घट्ट होत नसेल, तर टाकीत पेट्रोल आहे का ते पाहा. असेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे.

यानंतर प्लग काढा. तो ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. प्लग पुसून कोरडा करा, चोक बंद ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. प्लग कोरडाच असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही. ठिणगी तपासताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा. मात्र प्लगच्या उघड्या छिद्राजवळ किंवा पेट्रोल सांडलेल्या जागी ही तपासणी करू नका.

सुरू होते, पण लगेच बंद पडते?

फुगा हाताने दाबत राहिल्यावर इंजिन चालते आणि सोडल्यावर थांबते, तर पेट्रोल पंपाचा पडदा किंवा नळी गेली आहे. फक्त चोक ओढल्यावरच चालत असेल, तर जेट बुजला आहे. कार्बोरेटर उघडून साफ करण्याला पर्याय नाही.

दोन-स्ट्रोक इंजिनात ऑइलचे प्रमाणही पाहा. ५० ला १ म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिली. प्रत्येक इंजिनाचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रकारचेच, बोटीच्या इंजिनासाठी असलेले वापरा. दुचाकीचे चालत नाही.

पाण्याची धार का महत्त्वाची?

हे इंजिन नदीचे पाणी आत ओढून थंड राहते. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार थांबली, तर इंजिन लगेच बंद करा. पाणी ओढणाऱ्या जाळीत प्लास्टिक, जलपर्णी किंवा उसाचा पाला अडकलेला असू शकतो. जाळी साफ असेल, तर आतला रबरी इम्पेलर झिजला असावा. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो. कोरड्यावर इंजिन चालवले, तर काही क्षणांतच खराब होतो.

आवाज वाढतो, पण बोट हलत नाही?

पंख्यात साडी, दोरी किंवा फांदी अडकली असेल. इंजिन बंद केल्याशिवाय तिथे हात घालू नका. पंखा मोकळा असेल, तर त्याची पिन तुटली असावी किंवा मधले रबर घसरत असेल. लहान जुन्या इंजिनांसाठी जादा पिन आणि पक्कड बोटीतच ठेवावी.

मधल्या धारेत बंद पडले तर?

वल्ही, दोर आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवेच. नांगर टाकायचा तर बोटीच्या पुढच्या टोकाकडून. मागून टाकल्यास प्रवाहाचे पाणी बोटीत शिरते. क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळजवळ बोट उलटून अनेकांचा जीव गेला, हे या भागाला विसरता येणार नाही.

मे महिन्यात काय करावे?

जुने पेट्रोल काढून टाका, नवे प्लग बसवा, गिअर ऑइल पाहा. ते दुधाळ झाले असेल तर सील गळते आहे. मग पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून, गिअर न्यूट्रलला ठेवून पंधरा मिनिटे चालवा. पूर ओसरल्यावर स्वच्छ पाण्यात पुन्हा चालवा आणि कार्बोरेटर कोरडा होऊ द्या. इंजिन पाण्यात बुडाले असेल, तर दोरी ओढत बसू नका. त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.

पाणी ३९ फुटांवर आल्यावर कार्बोरेटर उघडायला वेळ नसतो. मे महिन्यात तो असतो.